सालाझारच्या मदतीला कोणीच का धावले नाही? गोवा, पोर्तुगाल आणि एका हुकूमशहाचे परराष्ट्र धोरण

दरवर्षी १९ डिसेंबर जवळ आला, की गोवामुक्तीला १४ वर्षे उशीर का झाला हा वाद महाराष्ट्रात आणि गोव्यात नव्याने रंगतो आणि तो बहुतेक वेळा नेहरूंभोवतीच फिरत राहतो. दिल्लीने काय केले, काय करायला हवे होते, याची उजळणी होते. लिस्बनमध्ये त्या काळात काय चालले होते, याकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक या प्रश्नातले मोठे कोडे तिकडेच आहे. सभासद देशांपैकी एकावर झालेला हल्ला सर्वांवर झालेला मानायचा, असा करार करणाऱ्या नाटो या लष्करी संघटनेचा पोर्तुगाल संस्थापक सदस्य होता. ब्रिटनशी त्याचे मैत्रीचे नाते १३७३ सालच्या तहापासूनचे होते. अमेरिकेचा एक अत्यंत महत्त्वाचा हवाई तळ त्याच्या बेटांवर होता. असा देश डिसेंबर १९६१ मध्ये अडचणीत आला, तेव्हा एकाही मित्राने त्याच्यासाठी एक विमान किंवा एक जहाज पाठवले नाही.

या कोड्याचे उत्तर अंतोनिओ द ऑलिव्हेरा सालाझार या हुकूमशहाने सुमारे तीन दशके चालवलेल्या परराष्ट्र धोरणात आहे. त्या धोरणाने पोर्तुगालला आधी त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढे तीच प्रतिष्ठा जवळजवळ संपवली. विशेष म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच हट्टातून झाल्या.

सालाझार कोण होता, आणि त्याला फॅसिस्ट म्हणावे का?

सालाझार (१८८९–१९७०) हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२६ च्या लष्करी उठावानंतर देशाची तिजोरी सावरण्यासाठी त्याला १९२८ मध्ये अर्थमंत्री करण्यात आले, १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत त्या पदावर राहिला. १९३३ च्या राज्यघटनेने त्याने उभारलेल्या राजवटीला ‘नवे राज्य’ असे नाव होते. एकच मान्य राजकीय संघटना, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, पुढे ‘पिडे’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले गुप्त पोलीस, केप व्हर्दे बेटांवरची ताराफाल छावणी, हात उंचावून सलामी देणारी गणवेशधारी युवक संघटना आणि मुसोलिनीच्या इटलीवरून बेतलेला कामगार कायदा, अशी या राजवटीची चौकट होती.

इतिहासकारांचे मात्र एकमत नाही. सालाझार चर्चमध्ये वाढलेला, गर्दीपासून दूर राहणारा, भाषणबाजीची नावड असलेला माणूस होता. त्याने रस्त्यावरची जमवाजमव करून सत्ता हिसकावली नव्हती, आणि पोर्तुगालमधल्या कट्टर फॅसिस्ट गटावर त्याने स्वतःच बंदी घातली होती. म्हणून काही अभ्यासक त्याच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणण्याऐवजी पुराणमतवादी एकाधिकारशाही म्हणतात. गोव्यात १९४६ मध्ये मडगावला झालेल्या लोहियांच्या सभेनंतर तुरुंगात गेलेल्या माणसाला हा फरक फारसा जाणवला नसता, हेही खरे. परराष्ट्र धोरणाच्या दृष्टीने मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. मुसोलिनी आणि हिटलर यांना नवे प्रदेश जिंकायचे होते, तर सालाझारला हातात असलेला एकही प्रदेश सोडायचा नव्हता. त्यामुळे तो १९४५ मध्ये त्यांच्याबरोबर बुडाला नाही. त्याचा हिशेब पुढच्या काळात झाला.

तटस्थ राहून मिळवलेली किंमत

१९३६ ते १९४७ या काळात सालाझार पंतप्रधानपदाबरोबर परराष्ट्र खातेही स्वतःकडे ठेवून होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्याने उघडपणे फ्रँकोची बाजू घेतली आणि मार्च १९३९ मध्ये फ्रँकोशी अनाक्रमणाचा करार केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने तटस्थता जाहीर केली. ही तटस्थता भोळी नव्हती. तोफा आणि चिलखतभेदी दारूगोळ्यासाठी लागणारे टंगस्टनचे खनिज त्याने जर्मनीलाही विकले आणि दोस्तांनाही, आणि दोघांचे दडपण वाढत गेल्यावर जून १९४४ मध्ये निर्यातच बंद केली. युरोपातून पळालेल्या हजारो निर्वासितांसाठी लिस्बन हे अमेरिकेकडे जाण्याचे दार बनले. पण बोर्दोमध्ये नियम मोडून अशा लोकांना व्हिसा देणाऱ्या आपल्याच वाणिज्यदूताला, आरिस्तिदेस द सोउझा मेंदेश यांना, सालाझारने शिक्षा केली. हिटलर मेल्याची बातमी आल्यावर लिस्बनमधल्या सरकारी इमारतींवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवले गेले, तेही याच तटस्थतेच्या नावाखाली.

या तटस्थतेला किती मान होता, याचे एक उदाहरण आपल्या अंगणातले आहे. युद्ध सुरू होताच ‘एरेनफेल्स’ हे जर्मन मालवाहू जहाज आणखी काही जहाजांसह मुरगावच्या बंदरात आश्रयाला आले होते. बंदर तटस्थ देशाचे असल्याने ब्रिटिशांना तिथे अधिकृतपणे हात घालता येत नव्हता. या जहाजावरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून हिंदी महासागरातल्या दोस्तांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा संशय बळावल्यावर मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले मध्यमवयीन कचेरीबाबू आणि व्यापारी एका जुनाट गाळवाहू बोटीतून रात्री बंदरात शिरले. ‘एरेनफेल्स’वर चकमक झाली आणि तिथली जहाजे त्यांच्याच खलाशांनी पेटवून बुडवली. सैनिकांऐवजी अशी मंडळी पाठवायचे कारण हेच, की पकडले गेले तरी ब्रिटनने पोर्तुगालची तटस्थता मोडली असे सिद्ध होऊ नये. ही हकिकत पुढे तीसहून अधिक वर्षे गुप्त राहिली. ब्रिटन तटस्थता मोडत होता, पण मोडताना इतका जपून वागत होता. कारण त्याच सुमाराला त्याला लिस्बनकडून एक फार मोठी गोष्ट हवी होती.

ती गोष्ट म्हणजे अझोरेस बेटे. अटलांटिकच्या मध्यावरच्या या पोर्तुगीज बेटांवर विमानतळ मिळाला, तर पाणबुड्यांशी लढणे सोपे होणार होते. ऑगस्ट १९४३ मध्ये सालाझारने ब्रिटनला तो दिला आणि ऑक्टोबरमध्ये चर्चिलने पार्लमेंटमध्ये हे जाहीर करताना थेट १३७३ च्या तहाचा दाखला दिला. या बदल्यात ब्रिटनने, आणि पाठोपाठ अमेरिकेनेही, पोर्तुगालच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा मान राखू, असे आश्वासन दिले. सालाझारच्या लेखी हा आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा होता, आणि पुढची वीस वर्षे तो या आश्वासनाच्या भरवशावर वागत राहिला.

युद्धानंतर या सौद्याचे व्याज मिळाले. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वासाठी केलेला अर्ज सोव्हिएत नकाराधिकारामुळे अडला, तरी १९४९ मध्ये नाटोची स्थापना झाली तेव्हा निवडणुकांचे नाटक करणारा हा देश लोकशाही देशांच्या पंक्तीत बसला. कारण पुन्हा अझोरेसच होते.

गरज असणे आणि पत असणे

गावात ज्याच्या शेतातून सगळ्यांची वाट जाते, त्याला येता-जाता सगळे रामराम घालतात. त्याच्याशी कोणी वाकडे बोलत नाही, त्याच्या घरच्या कार्याला सगळे हजर असतात. पण त्याच माणसाने बांधावरून भाऊबंदकीचा वाद उकरून काढला, तर साक्षीला कोणी पुढे येईलच असे नाही. कारण लोकांना त्याच्या शेतातली वाट हवी असते, त्याचा बांध खरा की खोटा याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. पोर्तुगालचे असेच होते. जगाला अझोरेस हवे होते. गोवा, अंगोला किंवा मोझांबिक पोर्तुगालकडेच राहावेत, अशी निकड लिस्बनबाहेर फार थोड्या लोकांना होती. सालाझारने मात्र पहिल्या गोष्टीमुळे मिळालेला मान दुसऱ्या गोष्टीसाठीही चालेल असे धरले.

वसाहती नाहीतच, असे म्हणणारे धोरण

१९४७ मध्ये इंग्रज भारतातून गेले होते आणि १९५४ मध्ये फ्रेंचांनी पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला. भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये गोव्याबाबत चर्चेची मागणी केली. लिस्बनने चर्चेला विषयच नाही असे कळवले. १९५१ मध्ये सालाझारने राज्यघटना दुरुस्त करून सर्व वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ ठरवले. पणजी, अंगोलातले लुआंडा आणि लिस्बन ही कायद्याच्या दृष्टीने एकाच अखंड देशातली शहरे झाली. एखादा देश आपल्या प्रांताविषयी परक्याशी वाटाघाटी कशा करणार, असा प्रश्न मग विचारता येत होता.

या नामांतराचा खरा उपयोग संयुक्त राष्ट्रांत होणार होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७३ व्या कलमात ‘अस्वशासित प्रदेश’ अशी एक संज्ञा आहे. ज्या प्रदेशातल्या लोकांच्या हाती अजून स्वतःचा कारभार आलेला नाही, तो अस्वशासित प्रदेश. आणि असा प्रदेश चालवणाऱ्या देशाने तिथल्या परिस्थितीची माहिती संयुक्त राष्ट्रांना नियमित दिली पाहिजे. पोर्तुगालला डिसेंबर १९५५ मध्ये सदस्यत्व मिळाले. लगेच पुढच्या वर्षी सरचिटणीसांनी विचारणा केली, की आपल्याकडे असे प्रदेश आहेत का. लिस्बनने उत्तर दिले, की नाहीत, आमच्याकडे फक्त प्रांत आहेत.

काही वर्षे हे उत्तर चालून गेले, कारण आमसभेत ते खोडून काढण्याइतकी मते जमत नव्हती. १९६० मध्ये १७ नवे देश संयुक्त राष्ट्रांचे सदस्य झाले. त्यांपैकी १६ आफ्रिकेतले, नुकतेच स्वतंत्र झालेले होते. त्याच डिसेंबरमध्ये आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा प्रसिद्ध जाहीरनामा संमत केला आणि दुसऱ्या दिवशी, १५ डिसेंबर १९६० रोजी, पोर्तुगालचे कोणते प्रदेश अस्वशासित आहेत याची नावानिशी यादीच मंजूर केली. त्या यादीत अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर यांच्याबरोबर गोवा आणि त्याला जोडलेले प्रदेशही होते. दहा वर्षे जपलेला युक्तिवाद एका मतदानात कोसळला. सालाझारने यावर काय करावे? त्याने आमसभेला असा ठराव करण्याचा अधिकारच नाही असे जाहीर केले आणि माहिती द्यायला नकार दिला. आपल्या प्रतिष्ठेचे मोजमाप ज्या सभेत होते, त्या सभेलाच तो आता मानेनासा झाला होता.

हेगचे न्यायालय आणि पेशव्यांचा तह

या साऱ्या प्रकरणात मराठी वाचकाला रस वाटेल असा एक भाग आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हे दमणजवळचे दोन पोर्तुगीज तुकडे स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी मंडळी होती. हे तुकडे चारी बाजूंनी भारतीय हद्दीने वेढलेले होते. दमणहून तिकडे कुमक पाठवायची तर भारतातून जावे लागणार होते, आणि भारताने ती वाट बंद केली.

संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर अवघ्या आठ दिवसांनी, २२ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. आपल्या प्रदेशात जाण्या-येण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याचे म्हणणे. त्यासाठी मूळ पुरावा काढला तो १७७९ मध्ये पुणे दरबाराशी झालेल्या तहाचा. त्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे मान्य केले होते आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती दिली गेली. आता प्रश्न असा, की पेशव्यांनी दिले काय? गावांचा वसूल, की गावांवरचे राज्य?

न्यायाधीशांपुढे सरंजाम आणि जहागीर या पद्धतींचा कीस पडला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी दिला तो फक्त वसुलीचा अधिकार होता, सार्वभौमत्व नव्हे. परंतु मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी तिथले पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे चालू दिले. म्हणून खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना ये-जा करण्याचा पोर्तुगालला हक्क होता. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. शिवाय १९५४ मध्ये भारताने वाट रोखली, ती त्या वेळच्या तणावामुळे आपल्या नियमनाच्या अधिकारात राहूनच रोखली, असाही निर्वाळा न्यायालयाने दिला.

लिस्बनमध्ये हा विजय म्हणून साजरा झाला. कागदावर तो काही अंशी होताही. पण सव्वाचार वर्षांहून अधिक चाललेल्या खटल्याअंती पोर्तुगालच्या हाती काय आले, तर जिथे आपला एकही अधिकारी उरलेला नाही, तिथे निःशस्त्र अधिकारी पाठवण्याचा हक्क. ऑगस्ट १९६१ मध्ये दादरा आणि नगर हवेली रीतसर भारतात सामील झाले.

१९६१: एका वर्षात सगळे

जानेवारी १९६१ मध्ये सालाझारच्या विरोधकांनी ‘सांता मारिया’ हे प्रवासी जहाज भर समुद्रात ताब्यात घेतले आणि जगभरच्या पत्रकारांचे लक्ष पोर्तुगालच्या राजवटीकडे गेले. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये अंगोलात उठाव झाले. १५ मार्चला सुरक्षा परिषदेत अंगोलाच्या चौकशीचा ठराव आला, तेव्हा केनेडी यांच्या अमेरिकेने सोव्हिएत संघाच्या बरोबरीने पोर्तुगालविरुद्ध मत दिले. ब्रिटन आणि फ्रान्स अलिप्त राहिले. ठराव पडला, पण नाटोतला सर्वांत मोठा साथीदार उघडपणे विरुद्ध बाजूला गेला होता. एप्रिलमध्ये खुद्द संरक्षणमंत्री बोतेल्यो मोनिझ याने सालाझारला हटवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. ऑगस्टमध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या दाहोमे या चिमुकल्या आफ्रिकी देशाने आपल्या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज किल्ला ताब्यात घेतला.

ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला. आफ्रिकी नेत्यांनी तिथे भारताला सुनावले, की गोव्यात तुम्ही हात बांधून बसलात म्हणून आमच्याकडे सालाझारचे फावते. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर गोळीबार झाला, एक मच्छीमार मारला गेला, आणि दिल्लीचा संयम संपला.

सालाझारने १४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना पाठवलेली तार प्रसिद्ध आहे. शरणागती नको, आमचे सैनिक एकतर जिंकलेले असतील किंवा मेलेले, असा तिचा आशय. पण त्याच तारेतला दुसरा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे: किमान आठ दिवस तग धरा, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थांना हलवायला आम्हाला वेळ मिळेल. सुमारे ३,३०० सैनिक, एक जुनी युद्धनौका आणि लढाऊ विमान एकही नाही, एवढ्या बळावर गोवा राखता येणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याला रक्तपात हवा होता तो जगाला दाखवण्यासाठी. वासालो ई सिल्वा यांनी ते केले नाही. १७ डिसेंबरच्या मध्यरात्री भारतीय सैन्य हद्दीत शिरले आणि १९ तारखेच्या रात्री शरणागती झाली. लिस्बनने या गव्हर्नरला पुढे लष्करातून बडतर्फ केले. युद्धकैदी मे १९६२ पर्यंत मायदेशी पोहोचले नाहीत, आणि पोहोचल्यावर त्यांचे स्वागत गुन्हेगारांसारखे झाले.

मग नाटो आणि ब्रिटन कुठे होते?

नाटोचा करार वाचला तर याचे उत्तर सरळ आहे. हा करार कोणत्या भूभागाला लागू आहे, ते त्याच्या सहाव्या कलमात लिहिलेले आहे: युरोप, उत्तर अमेरिका, फ्रान्सचा तेव्हाचा अल्जीरिया आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेची बेटे. अझोरेस त्यात बसत होते, गोवा बसत नव्हते. मित्रांनी संरक्षण दिले होते ते त्यांना हव्या असलेल्या बेटांचेच. सालाझारने १९४९ मध्ये या करारावर सही केली, तेव्हा हे कलम तिथेच होते.

ब्रिटनची गोष्ट अधिक खुपणारी होती. पोर्तुगालने भारताकडे कुमक नेण्यासाठी वाटेतले ब्रिटिश विमानतळ मागितले. ते मिळाले नाहीत. राष्ट्रकुलातल्या सहकारी देशाविरुद्ध आपण युद्धात उतरू शकत नाही, ही ब्रिटनची भूमिका होती. १९४३ मध्ये जवळजवळ सहाशे वर्षांचा तह ब्रिटनने काढला तेव्हा पोर्तुगालने मान तुकवली, आणि १९६१ मध्ये तोच तह पोर्तुगालने काढला तेव्हा लंडनने हात वर केले, हे सालाझार शेवटपर्यंत विसरला नाही.

आक्षेप: पाश्चात्त्य देशांनी मतदान तर पोर्तुगालच्या बाजूने केले होते

केले होते, आणि ते सांगायला हवे. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी करून भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव मांडला. बाजूने सात, विरुद्ध चार अशी मते पडली. सोव्हिएत नकाराधिकार नसता तर तो मंजूर झाला असता. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडले स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली, आणि अहिंसेचा उपदेश करणाऱ्या नेहरूंची पश्चिमेतली प्रतिमा त्यामुळे मलिन झाली, हेही खरे.

मात्र त्यानंतर काय झाले ते पाहावे. सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराने अडलेला प्रश्न आमसभेत नेण्याची वाट मोकळी होती. ती कोणी चोखाळली नाही, कारण तिथे पुरेशी मते नव्हती आणि पोर्तुगालसाठी ती गोळा करण्याची कोणाची तयारी नव्हती. सहा वर्षांपूर्वीची स्थिती वेगळी होती. ऑगस्ट १९५५ मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसहून अधिक जणांना मारल्यावरही, त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असाच केला होता आणि भारतात त्यावर संताप उसळला होता. नेहरूंनी आधीच सैन्य घालायला हवे होते असे म्हणणाऱ्यांनी हे पत्रक लक्षात घ्यावे. नेहरूंचे थांबणे बरोबर होते की चूक, हा वेगळा वाद. पण १९५५ चा पोर्तुगाल आणि १९६१ चा पोर्तुगाल यांच्यात मोठे अंतर पडले होते, आणि ते अंतर पाडण्यात सालाझारच्या नकारांचा वाटा कोणत्याही भारतीय भाषणापेक्षा मोठा होता.

आक्षेप: इतका एकाकी होता, तर पुढे १३ वर्षे टिकला कसा?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अंगोलापाठोपाठ १९६३ मध्ये पोर्तुगीज गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) आणि १९६४ मध्ये मोझांबिक पेटले, तरी पोर्तुगाल १९७४ पर्यंत तिन्ही आघाड्यांवर लढत राहिला. याचे एक कारण पुन्हा तीच वाट. अझोरेसच्या तळाचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता. सालाझारने तो नव्याने केला नाही आणि मोडलाही नाही; अमेरिकेला तिथे नुसते राहू दिले. तळ जाईल या धास्तीने केनेडींचा सूर पाहता पाहता मवाळ झाला. डाव म्हणून हे हुशारीचे होते, याबद्दल शंका नाही.

किंमत दुसरीकडे मोजावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिकेसाठीच्या आर्थिक आयोगातून १९६३ मध्ये पोर्तुगालला काढण्यात आले. उरलेले सोबती म्हणजे दक्षिण आफ्रिकेची वर्णभेदी राजवट आणि ऱ्होडेशियातले गोऱ्यांचे बंडखोर सरकार. ज्या कॅथॉलिक धर्माचा रक्षणकर्ता म्हणून सालाझार मिरवत असे, त्या धर्माचे प्रमुख पोप सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये धर्मसंमेलनासाठी मुंबईला आले, तेव्हा गोवा घेणाऱ्या देशात पोपने जाणे हा पोर्तुगालचा अपमान असल्याचा निषेध लिस्बनने नोंदवला आणि आपल्या वृत्तपत्रांत त्या भेटीच्या बातम्या दाबल्या. फेब्रुवारी १९६५ च्या भाषणात सालाझारने आपण ‘अभिमानाने एकटे’ लढत असल्याचे सांगितले. पोर्तुगालमध्ये हे शब्द आजही त्याच्या धोरणाची खूण म्हणून उद्धृत होतात, बहुधा उपहासाने. दरम्यान सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग लष्करावर जात होता आणि सक्तीची लष्करी नोकरी व दारिद्र्य टाळण्यासाठी लाखो पोर्तुगीज फ्रान्समध्ये मजुरीला जात होते.

ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडल्यानंतर सालाझारची प्रकृती ढासळली आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाला. धोरण तेच राहिले. गोव्यात पोर्तुगीज सत्ता संपून सात वर्षे उलटली तरी मोहन रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. सांगलीच्या या क्रांतिकारकाची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. शेवटी २५ एप्रिल १९७४ रोजी आफ्रिकेतल्या लढाईला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच राजवट उलथली.

आज याचा संबंध काय?

लिस्बनच्या राष्ट्रीय सभेत १९७४ पर्यंत गोव्यासाठी जागा राखलेल्या होत्या. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेश यांनी ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करारावर सही केली आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. सालाझारने जे शक्यच नाही असे सांगितले होते, ते आठ महिन्यांत झाले, आणि १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा सदस्य झाला.

त्या ‘प्रांत’ धोरणाचा एक धागा मात्र अजून तुटलेला नाही. गोवेकर हे पोर्तुगालचेच नागरिक, असे तिथला कायदा म्हणत असल्यामुळे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीव इथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. युरोपात राहण्या-काम करण्याची मुभा देणारा तो पासपोर्ट मिळवण्यासाठी आजोबांच्या जन्मनोंदणीचा पोर्तुगीज उतारा शोधणारी कुटुंबे सासष्टीत आणि बार्देशात पुष्कळ आहेत. भारताची राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे परके नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि मतदानाचा हक्कही जातो. लिस्बनच्या दप्तरात केवळ जन्माची नोंद करून घेतली, पासपोर्ट काढलाच नाही, तर भारतीय नागरिकत्व राहते की जाते, हा प्रश्न गोव्यात निवडणूक आली की हमखास निघतो, आणि त्यावर वर्षानुवर्षे कज्जे चालू आहेत.